फुली न मारलेली कोठी

अक्काच्या लग्नात द्यायच्या धान्याच्या कोठीवर मी फुली मारली नाही. चारही बाजू कोऱ्या सोडल्या. विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. मी मुद्दाम मारली नाही, आणि तसं करण्यात आपण फार शहाणपणा दाखवतो आहोत अशी माझी पक्की समजूत होती. एकोणीस वर्षांच्या माणसाची समजूत पक्कीच असते. तिच्यात दुसरं काही शिरायला जागाच नसते.

फुली म्हणजे काय ते आधी सांगतो. पत्र्याची कोठी किंवा मोठी पेटी केली की तिच्या प्रत्येक सपाट बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या घड्या देतात. घड्या म्हणजे फार नाही, बोट फिरवलं तर जाणवावं इतकाच उंचवटा. लांबून पाहिलं तर कुणीतरी मोठी फुली काढल्यासारखं दिसतं. आमच्या दुकानात ही फुली नथूआबा मारायचे. ते मूळचे साक्रीकडचे, आमच्याकडे पंचवीस वर्षं कामाला होते, आणि मालक माझे वडील असले तरी दुकान कुणाचं हे पत्र्याला ठाऊक होतं. वडलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना गिऱ्हाईक बघायचे, नथूआबा पत्रा बघायचे.

जळगावला आमचं घर मागे आणि दुकान पुढे होतं. मध्ये फक्त एक दार, तेही कधी लागत नसे. त्यामुळे घरातलं सगळं बोलणं आम्ही मोठ्यानंच करायचो. पाहुण्यांना वाटायचं या घरात भांडण चाललंय. लाकडी मोगरीचा ठोका, कातरीची करकर, पत्रा जमिनीवर टाकल्याचा गडगडाट, यातूनच आई विचारायची, भाकरी कळण्याची करू की ज्वारीची, आणि नाना दोन ठोक्यांच्या मध्ये उत्तर द्यायचे. उन्हाळ्यात आई आणि अक्का बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या ते दुकानाच्या छपरावर, जुन्या पत्र्यांवर कापड अंथरून. खालून आम्ही ठोकत असलो की वर बिबडे थरथरायचे. अक्का वरून ओरडायची, "प्रल्हाद, थांब जरा, माझी नक्षी हलते!" बिबड्याला कसली नक्षी, पण तिची होती.

दुपारी जेवणं झाली की तासभर दुकान बंद. तो तास मला लहानपणापासून आवडत नसे. सगळीकडे ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरातली माणसं आडवी झालेली, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले पत्रे आपापसांत बोलायला लागायचे. एक टण्ण करायचा. बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्या कोपऱ्यातला, जरा खालच्या आवाजात. आई झोपेतच म्हणायची, "कोण आलंय बघ रे." मी बघायला जायचो. कोणी नसायचं. पण पत्र्यांच्या चकचकीत पाठींवर माझी सावली पाच-सहा ठिकाणी वाकडीतिकडी उभी असायची, आणि त्यातली एखादी माझ्याआधी हललीय असं वाटून मी परत पळत यायचो.

पुढे मी धुळ्याला एका तंत्रशाळेत वर्षभर शिकलो आणि त्या वर्षात जितकं शिकलो त्याच्या तिप्पट आव घेऊन परत आलो. पहिला हात घातला तो आमच्या वाकवायच्या मशीनला. ते मशीन साधं होतं: खाली बैठक, वर पत्रा दाबून धरणारी पट्टी, आणि पुढे बिजागरीवर फिरणारं एक जाड लोखंडी पान. दांडा उचलला की पान वर येई आणि पत्र्याला वळवी. लहान डब्यांना काही अडचण नव्हती. पण चार-पाच फुटी पत्रा घातला की दोन्ही टोकं काटकोनात वळत आणि मध्यावर कोन सैल राही, कारण ते पान स्वतःच मध्ये पोटात झुकायचं. नथूआबा मग मोगरी घेऊन मधला भाग ठोकून जुळवायचे. मी पानाच्या मागच्या अंगाला एक जाड सळई बसवली, मध्ये एक ठेंगणा खुंट देऊन ती ताणली, धनुष्याला दोरी ताणतात तशी. पान झुकायचं बंद झालं. दुसरं असं की पत्रा कितीही वाकवला तरी सोडल्यावर तो थोडा मागे येतो. काटकोनात वाकवलात तर काटकोन मिळत नाही. म्हणून पान काटकोनाच्या किती पुढे जावं ते ठरवणारी एक अडणी मी बसवली. पत्रा जितका माघार घेणार तितका आधीच जास्त वळवायचा. पहिला पाच फुटी पत्रा वळवला आणि काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडाची फट नाही. नानांनी गुण्या दोनदा लावला. नथूआबांनी कडेवरून अंगठा फिरवला. तो अंगठा फिरताना माझी छाती किती फुगली होती हे आज सांगायलाही लाज वाटते.

त्याच महिन्यात अक्काचं लग्न ठरलं. फैजपूरचं घर, केळीची बाग, माणसं चांगली. मुलगा बिजवर होता, पहिली बायको दोन वर्षांपूर्वी तापानं गेलेली. अक्काचंही वय थोडं पुढे गेलं होतं, म्हणून दोन्हीकडे कुणी फार घासाघीस केली नाही. कोठी मी करणार हे मीच जाहीर केलं. छातीइतकी उंच, चौकोनी, जस्ताच्या नव्या पत्र्याची. कडा अशा सरळ आल्या की हात कापावा. आणि मग नथूआबा म्हणाले, "पोऱ्या, फुली मारनी राह्यनी."

मी म्हणालो, "आबा, फुली जुन्या मशीनला लागायची. कडा वाकड्या यायच्या ते झाकायला. आता कडा सरळ आहेत."

"तुनं मशीन कडा सरळ करस. पन पोटनं काय?"

"पोटाला काय झालंय? आरशासारखं आहे."

नथूआबांनी बिडी कानामागे ठेवली. "पत्राले मोकळा सोडा ना, त तो बोलस," ते म्हणाले. मी हसलो. मला वाटलं म्हातारा भुताखेताचं काही सांगतोय. पंचवीस वर्षांच्या हातानं मला त्या दिवशी एका वाक्यात सगळं शास्त्र सांगितलं होतं. चारी कडा घट्ट वळवल्या की मधल्या पत्र्याला जायला जागा उरत नाही. तो आत किंवा बाहेर किंचित फुगून बसतो, आणि जरा ऊन लागलं, जरा हात लागला की या बाजूचा त्या बाजूला उडी मारतो. फुलीच्या घड्या त्याला एका जागी बसवतात. आज माझ्या पुतण्याच्या कारखान्यात बटणावर चालणारं प्रेस आहे, तेही मोठ्या पत्र्यावर आधी फुली मारतं. मी मात्र त्या कोऱ्या पोटावर रंगाऱ्याकडून कमळ काढून घेतलं.

कोठी थंडीत गेली, काठोकाठ गव्हानं भरून. आतून दाण्यांचा रेटा होता तोवर पत्रा गप्प राहिला. चैत्र लागला, दाणे खाली गेले, ऊन वर आलं. आणि एके दिवशी सकाळच्या गाडीनं दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, दुकानात येऊन उभे राहिले. पाणी घेतलं, गूळ घेतला नाही. शेवभाजी केली होती, तिला हात लावला नाही. नाना म्हणाले, "काय झालं ते सांगा तरी."

दाजी माझ्याकडे नाही, नानांकडेही नाही, जमिनीकडे बघत म्हणाले, "आई म्हणते, तुमची मुलगी अन् तुमची कोठी, दोन्ही घेऊन जा. येत्या बाजाराच्या आधी."

मग हळूहळू सांगितलं. रोज दुपारी चारच्या सुमाराला कोठी वाजते. दोन ठोके, थोडं थांबून एक. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही. आमच्याकडे बायका कोठीवर बोटांनी टिचकी मारून दाणे कुठवर आहेत ते ओळखतात. भरल्या जागी आवाज बद्द येतो, रिकाम्या जागी खणखणीत. दाजींची पहिली बायको गोदी रोज दुपारी चारला, संध्याकाळचं दळण काढायच्या आधी, अशीच वाजवायची. दोन, आणि एक. दाजी म्हणाले, "आवाज रोज थोडा खाली जातो. दाणे उतरतात तसा. ती मोजते."

आतून आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. नथूआबांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सावकाश विचारलं, "फुली मारी व्हती ना तू?"

"मारली होती," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो हे मला साठ वर्षांत कळलेलं नाही. नाना समोर होते, मशीन समोर होतं, त्याच्यावरची माझी ती ताणलेली सळई समोर होती. खोटं बोलायला मला अर्धा क्षणही लागला नाही. कोठी दुकानातून गेली तेव्हा नथूआबा स्वतः हजर होते. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं. ते काही बोलले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी नानांना म्हणालो, मीच जातो, अक्काला घेऊन येतो. पिशवीत धोतराखाली मोगरी, एक बोथट छिन्नी आणि खडू लपवला. बेत असा की गुपचूप कोठीजवळ पाच मिनिटं मिळवायची, फुली मारायची आणि देवानं कृपा केली म्हणून सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दाजींबरोबर फैजपूरला पोचलो तर बारा वाजले होते. धाब्याचं घर, जाड मातीच्या भिंती, बाहेरच्या भट्टीतून आत आल्यावर विहिरीत उतरल्यासारखं गार. अक्का चुलीपाशी बसली होती. पुढे झाली नाही. तिची पत्र्याची पेटी, तीही मीच केलेली, बांधून दाराशी ठेवली होती. तिच्या सासूबाईंना सगळे जिजी म्हणायचे. जिजी म्हणजे हाडकुळी, पांढऱ्या लुगड्यातली, बोलायच्या आधी समोरच्याकडे बराच वेळ बघणारी बाई. त्यांनी मला भाकरी वाढली, भरीत वाढलं, आणि मी मधल्या खोलीकडे नजर टाकली तेव्हा म्हणाल्या, "तिकडं जायचं नाही. हात लावायचा नाही. चार वाजता ऐक, मंग बहिणीले घेऊन जा."

अक्कानं मागच्या ओसरीवर मला गाठलं. "आठ दिवस झाले, माझ्याशी कुणी बोलत नाही रे," ती म्हणाली. "दळणाला हात लावू देत नाहीत. जिजी मात्र दुपारी कोठीपाशी बसतात आणि तिच्याशी बोलतात. माझ्यासमोर." मग आवाज उतरवून म्हणाली, "मला आधी वाटलं उन्हानं वाजतं. पण परवा दिवसभर आभाळ होतं, प्रल्हाद. ऊन नव्हतंच. तरी वाजली."

त्या आभाळाच्या दिवसाचं गणित मला आजही सुटलेलं नाही. सांगून ठेवतो, पुढे आपण फार शहाणपणाचं बोलणार आहोत म्हणून.

चार वाजायच्या आधी आम्ही सगळे मधल्या खोलीत बसलो. कोठी कोपऱ्यात होती. खोलीत अंधार, फक्त धाब्यातल्या झरोक्यातून उन्हाचा एक हातभर पट्टा खाली उतरलेला. तो पट्टा जमिनीवरून सरकत कोठीच्या पायाशी आला, चढला, माझ्या कमळावर आला. मला सगळं माहीत होतं. पत्रा तापणार, फुगणार, उडी मारणार, मी मनात वर्गातल्या फळ्यासारखं लिहीत होतो. तेवढ्यात कमळ हललं. खरंच सांगतो, श्वास घ्यावा तसं ते आत गेलं, अगदी हळू, आणि त्या चकाकत्या पत्र्यात माझ्यामागे उभी असलेली एक बाई लांब होत गेली, मानेपासून वाकली, दुभंगली. टण्ण. टण्ण. मी वळून पाहिलं. अक्का होती. दारात उभी, तोंडावर पदर धरून. मला सुटकेचा श्वास टाकायचा होता, पण तिसरा ठोका अजून यायचा होता आणि आम्ही सगळे त्याची वाट बघत होतो. मीसुद्धा. आला तो अगदी खालून, मऊ, बोटाच्या पेरानं मारल्यासारखा.

जिजी कोठीकडे बघून म्हणाल्या, "आहेत गं अजून. दीड पोतं आहेत." जेवायला बसलेल्या माणसाशी बोलावं इतक्या साध्या आवाजात. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तिले दाण्यावरून बोलली होती. माहेरी नेते म्हनून. नेत नव्हती ती. ताप भरला होता तवाही उठून कोठी वाजवे, किती आहेत ते मले सांगायले. तुह्या बहिणीचा दोष नाही. पन गोदीची नजर आहे दाण्यावर. तिच्या हातातलं दुसरीच्या हातात कसं देऊ मी?"

अक्कानं पेटीची दोरी पुन्हा घट्ट केली. तो आवाज मी ऐकला, आणि पिशवीतली मोगरी लपवण्यात आता काही अर्थ उरला नाही हे माझ्याही डोक्यात शिरलं. मी उठलो. हात लावू नको म्हणाल्या होत्या, तरी जाऊन कोठीच्या पोटावर तळवा ठेवला आणि दाबला.

टण्ण.

दाजी उभेच राहिले. अक्कानं "अगं आई" म्हटलं. मी हात काढला. टण्ण. वेळ टळून गेली होती, पट्टा भिंतीवर गेला होता, आणि तोच आवाज माझ्या हातातून निघत होता. खरं सांगायचं तर, आपण ज्याला पत्रा म्हणतो तेच दाबतोय ना, अशी शंका आली.

"हे माझं काम आहे, जिजी," मी म्हणालो. "फुली मारायची असते, ती मी मारली नाही. आबांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि काल घरी विचारलं तर मारली म्हणून खोटं बोललो."

जिजींनी कोठीकडे बोट केलं. "पुन्हा कर," म्हणाल्या.

केलं.

"पुन्हा."

केलं. मग त्या स्वतः उठल्या, माझा हात बाजूला सारला आणि आपला तळवा कमळावर ठेवला. दाबला. सोडला. दाबला. किती वेळा ते मी मोजलं नाही. मग लुगड्याला हात पुसून म्हणाल्या, "काय करायचं ते कर. उद्या चारले पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाणे गोधडीवर ओतले. आतून लाकडाची फळी टेकवून धरायला माणूस हवा, म्हणून दाजी कोठीत उतरले. छातीइतक्या कोठीत घरचा मालक गुडघे दुमडून बसला आणि आतून घुमणाऱ्या आवाजात विचारू लागला, "वर धरू का खाली?" दुसऱ्या कुठल्या वेळी मी हसून लोळलो असतो. खडूनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ आखली आणि बोथट छिन्नी रेघेवरून सरकवत मोगरीचे हलके ठोके घालत गेलो. घाई केली तर पत्रा चिरतो, म्हणून एकच रेघ चार वेळा. चारी बाजूंना फुल्या पडायला दुपार झाली. माझ्या कमळाचे चार तुकडे झाले. मग दाणे परत भरले, कालच्या इतकेच, आणि आम्ही पुन्हा त्याच जागी बसलो.

ऊन उतरलं. पट्टा सरकत आला, पायथ्याशी, फुलीवर, फुलीच्या मध्यावर. अक्का पेटीवर बसली होती, उठायचं की नाही हे अजून ठरायचं असल्यासारखी. पट्टा फुलीवरून गेला, कडेला गेला, भिंतीवर चढला. कोठी गप्प होती. घरात इतकी शांतता झाली की बाहेर बागेत केळीची पानं एकमेकांना घासतात ते ऐकू यायला लागलं.

जिजी हलल्या नाहीत. पट्टा पार निघून गेला तरी कोठीकडेच बघत होत्या, उशीर झालेल्या माणसाची वाट बघावी तशा. मग अक्काकडे वळून म्हणाल्या, "दळण काढून घे गं. चार पायल्या."

अक्का उठली. पेटीची दोरी तिनं सोडली ती दातानं, हाताला गाठ सुटेना म्हणून. मला इतका आनंद झाला की मी ताबडतोब मूर्खपणा केला: पत्रा का फुगतो, कडा वळवल्यावर ताण कुठे जातो, घडी दिल्यावर तो कसा बसतो, हे सगळं मी जिजींना हातवारे करून समजावू लागलो. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि मला वाटलं माझ्या विद्येनं.

"इतके दिवस मले वाटलं, गोदी येऊ राह्यली," जिजी म्हणाल्या. "कुठची येते ती. नुसता तू गधा होता."